ताऱ्यावरून लावायचा दिवा

जानेवारी लागला की जळगावच्या रस्त्यांवरच्या बाभळींना कापूस लागतो. म्हणजे बाभळीला काही बोंडं येत नाहीत. सरकी काढायच्या जिनाकडे कापूस घेऊन निघालेल्या गाड्या कडेनं घासून जातात आणि काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. थंड वाऱ्यात ते दिवसभर हलत असतात. शाळेत जाता-येता ते दिसले की मला कळतं, ताऱ्याचा सण आला. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही.

यंदा आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या मुलींनी तारा माझ्याच वर्गात बसून केला. कामट्या वाकड्यातिकड्या, खळ पातळ, आणि पतंगाच्या कागदावर सगळ्यांच्या बोटांचे ठसे. आत मेणबत्तीऐवजी त्यांनी बॅटरी बसवली आहे. "बाई, मेणबत्ती वाऱ्यानं विझते, बॅटरीचं बरं," असं त्यांचं म्हणणं. बरंच आहे ते. साहेब लोक देश सोडून जायची बोलणी चालली आहेत, राज्य बदलणार म्हणतात, तिथं मेणबत्तीचं काय घेऊन बसायचं? मग एकीनं विचारलं, "तुमच्या लहानपणी कसा असायचा हो तारा?" मी म्हटलं, "मोठा असायचा." आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर लिहायचं काही नव्हतं.

पाळकांच्या भाषेत हा प्रकटीकरणाचा सण. नाताळ उलटून पंधरवडा व्हायच्या आत येतो. पूर्वेकडच्या मागी लोकांना आभाळात तारा दिसला, त्या ताऱ्यामागून ते परक्या मुलखात आले आणि गोठ्यातल्या बाळापुढे त्यांनी गुडघे टेकले, त्याची ही आठवण. आम्हा पोरांच्या तोंडी मात्र तो ताऱ्याचाच सण होता. धुळ्याला पांझरेच्या काठाजवळ मिशनच्या खोल्या होत्या, एका ओळीत, कौलारू. तिथं मी वाढले. ही गोष्ट पहिली मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची, म्हणजे माझ्या परकराच्या दिवसांतली.

तारा हातात घेऊन घरोघर जायची रीत कोण्या मडमबाईनं तिच्या बर्फाच्या देशातून आणलेली. दिव्याची रीत मात्र आमच्या बायकांची. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांची दिवाळी सुटली होती, पणत्या सुटल्या होत्या, आणि हातांना तर सवय. मग त्यांनी आपणच ठरवून टाकलं की ताऱ्याच्या संध्याकाळी कोणी घरात दिवा लावायचा नाही. दार उघडं ठेवायचं आणि अंधारात बसायचं. मंडळी गात गात येणार, ताऱ्यातल्या मेणबत्तीवरून घरातला दिवा लागणार, मग पुढच्या घरी. ओळीच्या टोकाला उभं राहिलं की एकेक दार उजळत जाताना दिसायचं. मडमबाईला ते इतकं आवडलं की तिनं ते आपल्या मुलखात लिहून कळवलं म्हणे. एवढी सुंदर संध्याकाळ मी नंतर कुठं पाहिली नाही, आणि एवढी दुष्टही पाहिली नाही.

तारा जन्मायचा आमच्या घरात. माझे वडील, त्यांना मी नाना म्हणायची, मिशनच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. नाताळची गडबड ओसरली की ते ओट्यावर बांबू चिरायला बसत. चिरताना येणारा कोरडा आवाज, शिजणाऱ्या खळीचा वास, चुलीवर कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात भाजलेलं वांगं आणि कळण्याच्या भाकरीची चव, हे सगळं माझ्या डोक्यात एकात एक गुंतून बसलं आहे. संक्रांत तोंडावर आलेली असायची, बाजारात पतंगाचा कागद मुबलक मिळायचा. नाना तांबडा आणि पिवळा आणत. तारा पुरा होईपर्यंत तो आमच्या खुंटीला टांगलेला असे. माय त्याच्याखाली बसून दळण निवडायची आणि मधूनच मान वर करून बघायची.

माझ्या मायचं मंडळीतलं नाव रिबका. माहेरचं तुळसा. पारोळ्याच्या वाटेवर तिचं गाव होतं. नानांशी लग्न करून ती ख्रिस्ती झाली तेव्हा माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली, विषय संपवला. खानदेशात लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात. मायला कोणी बोलावलं नाही. आखाजीच्या दिवसांत ती आमच्या खोलीसमोरच्या कडुनिंबाकडे पाठ करून बसायची. तिला एकच भाऊ, सुपडूमामा. भाड्यानं गाडी हाकायचा, दुसऱ्यांचा कापूस जिनावर आणायचा. धुळ्यात येऊनही तो आमच्या दाराशी कधी थांबला नव्हता. बायकांच्या प्रार्थनेत माय दर आठवड्याला तेच एक मागायची: "प्रभू, माझ्या भावाचं मन वळव." बाकीच्या बायका आमेन म्हणायच्या. त्यांनी ते इतक्यांदा म्हटलं होतं की पुढेपुढे मायनं तोंड उघडण्याआधीच म्हणायच्या.

मग एका श्रावणात तिची आई आजारी असल्याचा निरोप आला. माय गेली. तिला घरात घेतलं नाही. ओट्यावरूनच तिनं आईला पाहिलं. त्या दिवशी गावात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसलेली होती. कानबाईच्या नैवेद्याचे रोट ज्याच्या त्याच्या घरातच खायचे असतात, परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीला द्यावा की नाही यावरसुद्धा बायका वाद घालतात, आणि ही तर धर्मच सोडून गेलेली. तरी सुपडूमामा आतून पळसाच्या पानावर रोटाचा तुकडा घेऊन बाहेर आला.

"खाई ले, तुळसा," तो म्हणाला. "तू मनी बहीन शे."

मायनं तो खाल्ला. मला सांगताना ती म्हणायची, "पोरी, घशाखाली उतरेचना. रडू आधी उतरायचं होतं ना."

पुढचं जे झालं ते फक्त आमच्यातच होऊ शकतं. लपवायचं काही आहे हे तिच्या मनातही आलं नाही. परत आल्यावर बायकांच्या प्रार्थनेत ती उठून उभी राहिली आणि तिनं साक्ष दिली. प्रभूनं माझं ऐकलं, माझ्या भावानं मला आपल्या हातानं कानबाईचा रोट दिला, असं ती भरल्या आवाजात म्हणाली. आणि आमेनची वाट बघत उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून बसले होते. बाहेर कडुनिंबावर पाऊस पडत होता, तेवढा ऐकू येत होता.

मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खाल्लं म्हणून मंडळीच्या पंचांनी तिचं प्रभुभोजन बंद केलं आणि तिला मंडळीबाहेर ठेवलं. पंचांमध्ये थोमाभाऊ मोठे. माणूस वाईट नव्हता. त्यांनीही आपलं घर, आपलं गाव, आपली देवी सोडली होती. ज्यासाठी एवढं सोडलं ते पुन्हा मागच्या दारानं आत येईल या भीतीनं ते कडक झाले होते. ते म्हणाले, "रिबकाबाई, रविवारी उभं राहून 'चुकले' म्हणा. एवढाच शब्द. सगळं पूर्वीसारखं होईल."

माय म्हणाली, "मी देवाकडे मागितलं, देवानं दिलं. ते चुकलं कसं म्हणू? भावानं इतक्या वर्षांनी हात पुढे केला. तो आता मी झिडकारू?"

"हात झिडकारू नका. रोट झिडकारा."

"हातात तोच होता ना, थोमाभाऊ."

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मी आजही मनात घोळवत असते. ती म्हणाली, "ते मागी लोक आपल्या गावाहून निघाले, तेव्हा कोणाच्या देवाचं खाऊन निघाले असतील?"

थोमाभाऊ म्हणाले, "ते वेगळं." मला वाटतं, ते घरी जाऊन त्यावर विचार करत बसले असतील. पण ठराव झाला होता, आणि ज्या घरातलं माणूस मंडळीबाहेर त्या घरी तारा जायचा नाही, हा नियमही होता. नियम केला तेव्हा नानाही त्या बैठकीत होते. दारुड्यांना वचक बसावा म्हणून केलेला नियम तो.

जानेवारी आला. नाना बांबू चिरायला बसले. "तुम्ही करू नका ना यंदा," मी म्हटलं. ते म्हणाले, "तारा माझा थोडाच आहे. मंडळीचा आहे." खोली मिशनची होती, नोकरी मिशनची होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नानांना दुसरं कुणी नव्हतं. त्यांची भावकी म्हणजे ती मंडळीच. नेहमीसारखा तारा खुंटीला टांगला गेला. माय त्याच्याखाली बसून दळण निवडत राहिली. मान मात्र तिनं वर केली नाही.

त्या संध्याकाळी मायनं दार उघडं ठेवलं. दिवा पुसून, तेल घालून कोनाड्यात ठेवला आणि ती अंधारात बसली. "माय, आपल्याकडे येणार नाहीत," मी म्हटलं. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण दार आपणच लावून घेतलं असं नको व्हायला." ओळीच्या टोकाकडून गाणं येऊ लागलं. एकेक दार उजळत आमच्याकडे सरकत होतं. शेजारच्या दाराशी तारा थांबला, दिवा लागला, पोरं हसली. मग तारा आमच्या दारासमोर आला. बांबू नानांच्या हातात होता. ते थांबले नाहीत, फक्त हळू झाले. उंबऱ्यापर्यंत तांबडा-पिवळा उजेड आला, मायच्या पायाच्या बोटांना लागला आणि पुढे गेला. बाहेर ते गात होते आणि आत अंधारात माय तेच गाणं, त्याच सुरात, हळू आवाजात म्हणत होती. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण ओरडून कोणाला बोलवायचं, हे कळेना. बोलवावं असं माणूस तर तारा धरून पुढे चाललं होतं.

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. जिनावर गाडी रिकामी करून सुपडूमामा आला होता, पहिल्यांदाच, आमच्या दाराशी. डोक्याला मुंडासं, अंगभर कापसाचे तंतू. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"तुळसा! अंधारामा काब बशेल शे व?"

"दिवा लावाना नही आज," माय म्हणाली. भाऊ दिसला की तिची भाषाही माहेरची व्हायची.

"काब? कोनी मरी गयं का?"

"नही. सण शे."

"सण शे आनि अंधार?" मामाला हसू आलं. "येडी शे का तू?"

तो सरळ आत आला. मुंडाशाला चिकटलेला कापूस काढून त्यानं बोटांत वळला, वात केली, कोनाड्यातल्या दिव्यात घातली. कमरेच्या पिशवीतून चकमक काढली. मायनं पटकन त्याचं मनगट धरलं. मी बघत होते. ती त्याला सांगणार होती, मला खात्री आहे. हा दिवा ताऱ्यावरूनच लावायचा असतो, तू लावू नको, असं. पण ते सांगायचं तर तारा का आला नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि ते कळलं असतं तर त्या रोटाचा घास मामाच्या जिवाला लागला असता. तिनं मनगट सोडलं. ठिणगी पडली, कापूस पेटला, दिवा लागला. मायचं तोंड मला दिसलं. इतका वेळ ती रडत होती, ते मला अंधारात कळलंच नव्हतं.

ओळ संपवून मंडळी मागे फिरली तेव्हा आमचा दिवा जळत होता. नाना दारासमोर थांबले. या वेळी खरंच थांबले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मग थोमाभाऊंनी त्यांच्या खांद्याला हात लावला, "चला, योहानभाऊ." आणि ते चालू लागले.

पाळकबाबा पुढच्या रविवारी उपासना आटोपून घरी आले. ते भले गृहस्थ होते, खोकल्यानं बेजार. मायनं त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "काडेपेटीनं लावला असता तरी मी पंचांना समजावलं असतं हो. पण हा कानबाईच्या घरचा विस्तव. ताऱ्यावरून लावायचा दिवा तो."

माय म्हणाली, "तारा आला नाही, बाबा. भाऊ आला."

पाळकबाबांनी कप खाली ठेवला. "माझ्या एकट्याच्या हातात असतं तर," एवढंच म्हणाले. कोणाच्या एकट्याच्या हातात होतं मग? पंच म्हणत, मिशनच्या साहेबांना विचारावं लागेल. साहेब म्हणत, हा तुमच्या मंडळीचा प्रश्न. नाना म्हणत, मी कोण? सगळी भली माणसं होती. सगळ्यांना मायबद्दल वाईट वाटत होतं. आणि सगळ्यांनी मिळून तिला अंधारात बसवलं होतं.

तिकडे मामाचंही तेच. किरिस्तावाला रोट दिला म्हणून भावकीनं त्याला फैलावर घेतलं आणि पुन्हा असं करणार नाही असं कानबाईपुढे वदवून घेतलं. त्याच्या तोंडून 'चुकलं' निघालं. त्याच्या घरात लहान लेकरं होती, त्यांची लग्नं व्हायची होती. त्याला मी दोष देत नाही. पण बहिणीसाठी दुसरं काही करता येईना, म्हणून मग त्यानं हा दिवा धरून ठेवला. पुढच्या जानेवारीतही तो आला, त्याच्या पुढच्याही. त्याची अशी समजूत झाली होती की ख्रिस्ती लोकांत ही एक भाऊबीजच असते. बहिणीनं अंधारात बसून वाट बघायची आणि भावानं येऊन दिवा लावायचा.

"तुम्हना सण भारी शे," तो नानांना म्हणायचा. "भाऊ येस नही तवलोंग दिवा लावाना नही!" आणि मायला म्हणायचा, "आखाजीले तुले बलावता येस नही. हाऊ सण तरी शे ना."

गावातही तो तेच सांगत सुटला. त्याची समजूत आम्ही कोणीच दुरुस्त केली नाही. माय त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसायची, गुळाचा शिरा करायची. त्या एका संध्याकाळी तिला दोन वाटा बघाव्या लागत. आधी ताऱ्याची, दार उघडं ठेवून. तो दारावरून गेला की भावाची. पहिली वाट बघायचं तिनं कधी सोडलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता मी स्वतः इथं जळगावात मुलींना शास्त्रपाठ शिकवते. हा सण आला की सोनं, ऊद आणि गंधरस यांचे अर्थ सांगते. राजाला सोनं, देवाला ऊद, मरणाऱ्याला गंधरस. मुली पाठ करतात, चांगले मार्क मिळवतात. पण मला जे सांगायचं असतं ते सांगायला जीभ रेटत नाही. ते मागी लोक आभाळातल्या ग्रहांची गणितं मांडणारे होते, आपल्याकडच्या जोशांसारखे. आमच्या मंडळीत पंचांग घरात सापडलं तर पंच बोलावून घेत. आणि देवानं निरोप धाडला तो नेमका त्यांनाच. देवळातल्या माणसांना नाही, शास्त्र तोंडपाठ असणाऱ्यांनाही नाही. त्यांना ओळखीचं होतं ते आभाळ, म्हणून आभाळातूनच धाडला. तो तारा बाहेरच्यांसाठी होता. आम्ही त्याला कामट्यांत आणि कागदात बसवून आमच्याच ओळीत फिरवत होतो, आणि कोणत्या दारी थांबायचं ते त्याला सांगत होतो.

हे मला कळतं, पण कळून मी काय करते? गाव बदललं तरी मीही याच मंडळीची आहे. माझं लग्न नाही, गोतावळा नाही. आजारी पडले तर पेज घेऊन येतात त्या याच बायका. मरेन तेव्हा खांदा देतील ते याच घरांतले. नाना काय म्हणत होते ते मला आता समजतं, आणि समजतं म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. मंडळी नसती तर आम्ही उघड्यावर पडलो असतो. मंडळी होती म्हणून माय उघड्यावर पडली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची गाठ मला सुटत नाही.

माय उन्हाळ्यात गेली. लढाई संपून तापाची साथ येऊन गेली होती, तिची छाती तेव्हापासून धरलेली. शेवटच्या दिवसांत पाळकबाबा प्रभुभोजनाचं साहित्य घेऊन आले. पंचांनीच धाडलं होतं त्यांना. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "रिबकाबाई, शब्द बोलायचीही गरज नाही. नुसती मान हलवा. मी समजेन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाकर आणि द्राक्षरस स्टुलावर ठेवला होता, तिच्या हाताच्या अंतरावर. तिला ते किती हवं होतं हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं दर प्रभुभोजनाला ती प्रार्थनामंदिराच्या शेवटच्या चटईवर बसायची, ताट पुढून निघून जाताना बघायची. तिनं भाकरीकडे पाहिलं. मान हलवली नाही. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "सुपडूला सांग. मी नसले तरी पौषात ये म्हणावं."

पाळकबाबांनी साहित्य पुन्हा फडक्यात बांधलं. मातीच्या वेळी मामा कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. नाना बाहेर गेले, त्याच्या ओंजळीत माती घातली आणि त्याला आत घेऊन आले.

त्यानंतरच्या जानेवारीत थोमाभाऊ नानांना भेटायला आले. त्यांना आनंद झाला होता, तो त्यांना लपवता येत नव्हता. ते म्हणाले, "योहानभाऊ, यंदा तारा तुमच्या घरी येणार. आता अडचण राहिली नाही ना काही." नानांनी मान डोलावली. त्या रात्री ते जेवले नाहीत. अडचण म्हणजे माझी माय.

ती संध्याकाळ आली. मी तेव्हा शाळेत शिकवू लागले होते. दार उघडं ठेवून, दिवा पुसून, तेल घालून मी अंधारात बसले, मायच्याच जागेवर. गाणं टोकाकडून सरकत येत होतं. आणि ताऱ्याच्या आधी घुंगरं वाजली. मामा आता वाकला होता. गाडी सोडून तो आत आला, मुंडाशाचा कापूस काढून वळू लागला.

"मामा," मी म्हटलं, "आज तारा येणार आहे."

"येवू दे ना, पोरी. दार उघडंच शे."

मी त्याला अडवलं नाही. त्याच्या बोटांना आता कंप होता. चकमक बऱ्याचदा झाडावी लागली, तेव्हा कुठं कापूस पेटला. दिवा कोनाड्यात ठेवून त्यानं हात जोडले. कोणाला जोडले, मी विचारलं नाही.

मग तारा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवा लावायला आमच्या दाराशी थांबला. नाना बांबू धरून पुढे, मागे पाळकबाबा, थोमाभाऊ, बायका, पोरं. गाणं संपलं. आता ताऱ्यावरून दिवा लावायचा, आणि दिवा तर जळत होता. सगळे त्या दिव्याकडे बघत राहिले. थोमाभाऊ हळूच म्हणाले, "इस्तेर, तेवढा विझव आणि ताऱ्यावरून लाव." मी उठले. दिव्यापाशी गेले. फुंकर घालायला तोंड उघडलं, पण श्वासच येईना. मी नानांकडे पाहिलं. नानांनी पाळकबाबांकडे पाहिलं. पाळकबाबांनी खाली पाहिलं. कोणीच पुढे झालं नाही. ताऱ्यातली मेणबत्ती जळत होती, दिवा जळत होता, आणि आमच्या घरात ताऱ्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग नाना उंबऱ्यावर बसले. मामानं त्यांच्या हातातून बांबू काढून घेतला आणि तारा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवला. दारात एवढी माणसं का उभी आहेत, हे त्या बिचाऱ्याला समजत नव्हतं. बहिणीच्या घरी पाहुणे आले आहेत, एवढंच त्याला दिसत होतं.

"भाऊ," तो नानांना म्हणाला, "बठ्ठास्ले घरमा बलाव ना. भाईर थंडी शे."

नाना उंबऱ्यावर कडेला सरकले. तेव्हा मामानंच हात करून सगळ्यांना बोलावलं, या, या, म्हणून. पाळकबाबांनी वहाणा काढल्या आणि आत आले. मग बायका आल्या. शेवटी थोमाभाऊ आले, दिव्यापासून लांब, दाराशी टेकून बसले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. मी मायसारखाच गुळाचा शिरा केला होता, तो वाढला. बाहेर तारा विझला, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मामाच्या दिव्याच्या उजेडात मला एकेक चेहरा दिसत होता. आमच्या घरात सगळी मंडळी आली होती, आणि माय नव्हती.